सस्पेंड की लिमिट

मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, पण वेगवेगळ्या लोकांच्या अनेक सर्व्हरवर चालणारं समाजमाध्यम. तिथं दुसऱ्या सर्व्हरला आवरायचं असेल तर मॉडरेशनमध्ये, म्हणजे देखरेखीत, मुख्य पर्याय दोन. ‘लिमिट’ केलं की तिकडची माणसं इथं फक्त त्यांना फॉलो करणाऱ्यांना दिसतात, बाकीच्यांना त्यांनी मेन्शन केलं, म्हणजे नावानं हाक मारली, तरी त्याची सूचनाही जात नाही. ‘सस्पेंड’ म्हणजे दार बंद. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रात्री पावणेतीन वाजता मी सस्पेंड निवडलं. ते चुकलं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आमचा सर्व्हर लहान, चारेकशे खात्यांचा. ईमेलमध्ये जशी वेगवेगळ्या ठिकाणची खाती एकमेकांना पत्रं पाठवू शकतात, तसंच इथं चालतं. सर्व्हर कुणाचाही असो, ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांची सामायिक भाषा, बोलता आला की झालं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेनं तो २०१८ मध्ये मान्य केला. मधे कंपनी नाही आणि मुख्य कार्यालयही नाही. आम्ही तिघं आहोत. सर्व्हर मी बघते. तक्रारी ताई बघतात, त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवण्याची सवय त्यांची अजून गेलेली नाही. तिसरा एक मुलगा आहे, तो इमोजी बनवतो, आणि परीक्षा नसतानाही परीक्षा असल्यासारखा गायब असतो. खर्च वर्गणीतून भागतो, तोही जेमतेम. तरी महिन्यातून एखादं पत्र ‘माननीय कस्टमर केअर’ अशा मायन्यानं येतंच.

त्या आठवड्यात सगळ्या फेडिव्हर्सवर, म्हणजे अशा एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरच्या जाळ्यावर, स्पॅमची लाट आली होती. पद्धत साधी होती. जिथं नोंदणी सगळ्यांना खुली आहे आणि चालक फिरकत नाही असे छोटे सर्व्हर शोधायचे, तिथं स्क्रिप्टनं खाती उघडायची, नावाच्या जागी काहीतरी अर्थहीन अक्षरं, आणि दिसेल त्याला मेन्शन करत सुटायचं. सोबत स्पॅमच्या डब्याचं चित्र. हो, त्या डबाबंद मांसाच्या डब्याचंच. विनोदबुद्धी होती म्हणायची.

असे सर्व्हर सापडायला कष्ट पडले नसणार. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ट्विटर विकलं गेलं आणि पुढच्या काही आठवड्यांत कितीतरी जणांनी हौसेनं सर्व्हर उभे केले. हौस ओसरल्यावर गॅलरीतल्या कुंड्यांचं जे होतं तेच यांचं झालं. फरक एवढाच की कुंडी वाळते, सर्व्हर मात्र चालूच राहतो. डोमेनचे आणि जागेचे पैसे आपोआप कापले जातात, नोंदणी उघडी राहते, तक्रारी साचत जातात. आमच्या माणसांनी तक्रार करताना ‘मूळ सर्व्हरलाही कळवा’ यावर टिचकी मारली की तक्रारीची प्रत तिकडे जाते. तिकडे वाचणारं कुणी नसेल तर ती नुसती पडून राहते, आणि खातं उडवून सगळीकडे ‘डिलीट’ पाठवणारंही कुणी नसतं.

रात्री एकपासून मी एकेक सर्व्हर लिमिट करत होते. साठ-सत्तर तक्रारी आल्या होत्या. अठरा सर्व्हर हातानं केले. प्रत्येकाचं पान उघडायचं, खरी माणसं आहेत का पाहायचं, मग पर्याय निवडायचा, चित्रं नाकारायची खूण करायची, कारण लिहायचं. मग दुसऱ्या एका चालकानं सीएसव्ही यादी, म्हणजे साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल, टाकली, त्याला बाधित वाटलेल्या सगळ्या सर्व्हरची. प्रत्येक ओळीत ‘सस्पेंड’. ती आयात करताना मास्टोडॉन यादी समोर मांडतं, आणि ज्या सर्व्हरशी आपल्या कुणाच्या जोडण्या आहेत त्यापुढे तसा इशारा देतं आणि त्याची खूण काढून ठेवतं. इशारा होता. मी तो पाहिला नाही, किंवा पाहून सोडून दिला. दोन्हींतलं खरं कुठलं, ते आठवत नाही. सगळ्या ओळींवर एकदम खूण केली, ‘आयात करा’ दाबलं आणि झोपले.

सकाळी ताईंचा फोन. “अगं, दुर्बिणवाले कुठं गेले?”

यादीत चाळीसेक माणसांचा एक सर्व्हर होता. घरी दुर्बिणीचे आरसे घासणारे हौशी लोक. स्पॅमर तिथंही घुसला होता, पण बाकीची माणसं खरी होती, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांची त्यांच्याशी वर्षभराची ऊठबस होती.

सस्पेंडचा अर्थ तेव्हा मला पुरेपूर कळला. दोन्ही बाजूंचे फॉलो तुटतात. आमचा सर्व्हर त्यांना ‘नकार’ आणि ‘फॉलो मागे’ असे संदेश पाठवतो, म्हणजे तुटल्याची नोंद तिकडेही होते. त्यांच्या पोस्टच्या आमच्याकडच्या प्रती पुसल्या जातात, आणि प्रतींबरोबर आमच्या माणसांनी त्यांना लावलेले बुकमार्कही. सस्पेंड मागे घेतलं तर दार उघडतं, पण तुटलेलं काहीच आपोआप जुळत नाही. “आधी लिमिट करून ठेवायचंस ना,” ताई म्हणाल्या. रागावून नाही, नेहमीच्या आवाजात. ते जास्त लागलं.

सस्पेंड मागे घेतलं. त्यानंतरचं काम मात्र मी अभिमानानं सांगेन. रोज रात्री बारा वाजता आमच्या डेटाबेसचा, म्हणजे पोस्टग्रेसचा, डंप (पूर्ण प्रत) दुसऱ्या जागी जातो. घाव पावणेतीनचा, म्हणजे पावणेतीन तासांपूर्वीचं जग माझ्याकडे शाबूत होतं. सगळा डंप परत चढवला असता तर मधल्या वेळातल्या सगळ्यांच्या पोस्ट गेल्या असत्या, आणि इतर सर्व्हरना जे आठवतं ते आम्हाला आठवलं नसतं. म्हणून तो वेगळ्या मशीनवर उघडला. फॉलोच्या तक्त्यातून त्या डोमेनशी जुळणाऱ्या जोड्या काढल्या. आमच्याकडून तिकडे ६३, तिकडून इकडे ८८. मग आमच्या प्रत्येक माणसाची वेगळी सीएसव्ही केली, कारण सेटिंगमधल्या आयातीत ‘जुन्यात मिळवा’ म्हटलं की जुनी यादी न पुसता नवी खाती जोडली जातात. बुकमार्क केलेल्या पोस्टचे मूळ पत्तेही काढून ज्याचे त्याला पाठवले. संध्याकाळ झाली. तिकडच्या ८८ जोडण्यांना माझा हात पोचत नव्हता, त्या त्यांनाच पुन्हा जुळवाव्या लागणार होत्या. एका गृहस्थांना मी १४० पत्त्यांची यादी पाठवली. वर्षभर जपलेले बुकमार्क. उत्तर आलं, “ठीक आहे.” तेवढंच. आभार नाहीत, शिवीही नाही.

त्याच महिन्यात मास्टोडॉनची ४.२.८ आवृत्ती आली. आठवडाभर एकही मॉडरेटर फिरकला नाही तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते. ऑक्टोबरात ४.३ आली, तीत तुटलेल्या जोडण्यांची सूचना आणि यादी माणसाला मिळते. मी दिवसभर बसून हातानं केलं ते आता सॉफ्टवेअर करतं. बरं वाटलं, आणि थोडं खट्टूही.

दुर्बिणवाल्यांच्या चालकाला मी त्याच दिवशी पत्र लिहिलं होतं. तिखट नाही, पण ‘सर्व्हर चालवायचा तर लक्ष ठेवावं लागतं’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. आई आजारी होती, तो दवाखान्यात तिच्या उशाशी होता, लॅपटॉप घरी. सस्पेंडबद्दल तक्रार नव्हती, मीही तेच केलं असतं असं त्यानं लिहिलं. नोंदणी बंद केल्याचं कळवलं. आणि शेवटी एक प्रश्न. तुमच्या सर्व्हरच्या किल्ल्या तुमच्याखेरीज कुणाकडे आहेत?

कुणाकडेच नव्हत्या. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल तर सर्व्हर करार पाळावा लागतो. रोजचा बॅकअप, बंद करण्यापूर्वी किमान ३ महिन्यांची सूचना, आणि अडीअडचणीला सर्व्हरपर्यंत पोचू शकणारा किमान एक आणखी माणूस. त्या यादीसाठी आम्ही कधी अर्ज केला नव्हता, त्यामुळे कुणी विचारलंही नव्हतं. मॉडरेशनचं खातं ताईंकडे होतं, पण सर्व्हरची किल्ली, डोमेनचं खातं, बॅकअपचा पासवर्ड, सगळं माझ्या एका लॅपटॉपात. मी आजारी पडले असते तर आमच्या चारशे जणांचं काय, हा विचार मी दुसऱ्याला पत्र लिहिताना केला नव्हता.

इमोजीवाल्या मुलाला विचारलं, त्याची परीक्षा होती. मग ताई. टर्मिनल म्हणजे काय, किल्लीचे दोन भाग का असतात, पडद्यामागची कामं रांगेनं उरकणारं साइडकिक अडकलं तर काय करायचं, यात तीन रविवार गेले. प्रत्येक आज्ञा त्यांनी वहीत उतरवून घेतली, समासात लाल पेनानं ‘हे करू नये’. डोमेनच्या पासवर्डचं पाकीट त्यांच्या कपाटात आहे.

चौथ्या रविवारी त्यांनी एकटीनं लॉगिन केलं आणि फोन लावला.

“आत आले गं. आता काय करू?”

“काही करू नका,” म्हटलं. “तशाच बाहेर या.”