सूट सोडला, आता घालू काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विचारणारे तुम्ही एकटे नाही. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या शिलाईच्या दुकानात माप द्यायला येणारे, पन्नाशीच्या आसपासचे बहुतेक गृहस्थ हल्ली हेच विचारतात. "मास्तर, सगळी नोकरी सूटात गेली. आता ऑफिसात कोणी सूट घालत नाही, मी एकटाच वेगळा दिसतो. मग घालू काय?" त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो. "घरी चांगले कोट पडून आहेत. खाली जीन्स घातली तर चालते ना, भाऊ?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बहुतेक कोट चालत नाहीत. सूटाचं कापड गुळगुळीत असतं, त्यावर हलकी चमक असते, आणि ते त्याच कापडाच्या पँटवरच शोभतं. खाली जाडीभरडी जीन्स आली की याची जोडीची पँट कुठे गेली, असं बघणाऱ्याच्या मनात येतंच. त्यात खांद्याला पॅड आणि कापडाच्याच रंगाची बटणं. पॅड काढून द्या म्हणणारेही असतात. पण पॅड काढला की खांद्यावर कापड उरतं, मग बाही उसवून परत बसवावी लागते, आणि एवढं करूनही खांदा पूर्वीसारखा बसेल याची खात्री मी देत नाही. कोट हॉपसॅकचा, फ्लॅनेलचा किंवा लिननचा असेल, म्हणजे हात फिरवल्यावर वीण जाणवत असेल, तर मात्र जरूर घेऊन या. बटणं बदलून तपकिरी लावली की काम होतं.

आणताना घरीच एक बघा. कोटाच्या सगळ्यात खालच्या बटणाजवळ बाहेरचं कापड एका चिमटीत आणि आतलं दुसऱ्या चिमटीत धरा आणि दोन्ही अलगद वेगळी ओढा. मध्ये तिसरा थर सुटा हाताला लागला तर आत कॅनव्हास आहे, त्या कोटावर मेहनत घ्यायला हरकत नाही. थर लागलाच नाही तर फ्युजिंग आहे, म्हणजे मधला थर बाहेरच्या कापडाला गोंदाने चिकटवलेला. असा कोट वर्षानुवर्षं ड्रायक्लीन होऊन आणि गरम इस्त्रीखाली जाऊन छातीवर, लॅपलवर म्हणजे गळ्याच्या मुडपलेल्या पट्टीवर फुगे धरतो. ते फुगे कायमचे जात नाहीत. तिथे पैसे घालू नका.

आता मूळ प्रश्न. सूट सोडणं म्हणजे ढिलाई, असं वाटणारे बरेच आहेत आणि त्यांची ती भीती मला समजते, कारण शिस्तीत वाढलेली माणसं आहेत ती. पण जपानसारख्या शिस्तीच्या देशाने २००५ साली 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली. उन्हाळ्यात सरकारी कार्यालयांतला एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि कर्मचाऱ्यांनी टाय-कोट घरी ठेवायचा. आपल्याकडे इन्फोसिसने २०१५ मध्ये आठवड्याच्या सगळ्याच दिवशी बिझनेस कॅजुअलला, म्हणजे टाय-सूटाशिवायच्या नीटनेटक्या कपड्यांना, मोकळीक दिली. मिहानमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या आयटी कंपन्यांत, कामाला जाणाऱ्या आजच्या पोराला टायची सक्ती हा प्रकारच ठाऊक नाही. आणि आपल्या आधीच्या पिढीने गरम मुलखाचं उत्तर शोधलंच होतं की! सरकारी कचेऱ्यांतले सफारी आठवा. अर्ध्या बाहीचे, मोकळे, तरी पदाला शोभणारे. वकील मंडळींची गोष्ट वेगळी. त्यांना नियमच आहे, आणि त्या नियमातही उन्हाळ्यात काळा कोट न घालण्याची मुभा आहे, ती उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय सोडून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात उभं राहणाऱ्यांना मेमध्येही सुटका नाही.

माझं म्हणणं एवढंच की सूट तुमची बरीच कामं परस्पर करत होता. खांदा सरळ दाखवायचा, पोट झाकायचा, शर्टाची कॉलर उभी धरायचा. कोट गेला की ही सगळी कामं शर्ट-पँटवर येतात, आणि सूटाखालचे शर्ट त्यासाठी शिवलेलेच नसतात. म्हणून कोट काढून तोच शर्ट, तीच पँट घालून निघालेला माणूस अर्धवट तयार झाल्यासारखा दिसतो. मासिकांत ब्लेझर, चिनो म्हणजे साधी सुती पँट, आणि लोफर म्हणजे बिननाडीचे बूट, असा साचा दाखवतात. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, इथे ब्लेझर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. उरलेलं वर्ष शर्टानेच निभवायचं आहे.

त्यामुळे सुरुवात कॉलरपासून. टायसाठी केलेली कॉलर टायच्या गाठीवर उभी असते. टाय काढून वरचं बटण उघडलं की तिची टोकं बाजूला लोळतात, आतली पट्टी खाली बसते, आणि दुपारी घामाने तर पार मऊ पडते. उघड्या गळ्याच्या शर्टाला मी कॉलरची उभी पट्टी थोडी उंच ठेवतो, टोकं जरा लांब, आणि दुसरं बटण नेहमीपेक्षा थोडं वर घेतो. ते खाली राहिलं तर गळा छातीपर्यंत उघडतो, आणि वरचं बटण लावलं तर गळा आवळल्यासारखा दिसतो. ही जागा प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून कच्च्या शिलाईत आरशासमोर उभं करून, टाचणी लावून ठरवतो. ज्यांना तेवढा खटाटोप नको त्यांनी बटण-डाउन कॉलर घ्यावी, म्हणजे जिची टोकं शर्टाला बटणाने बसवलेली असतात ती. बाहेर सोडायचा शर्ट असेल तर खालची कड सरळ आणि उंची पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत. गोल घेराचा, लांब शेपटाचा शर्ट खोचण्यासाठीच असतो, तो बाहेर सोडू नका.

पँटबद्दल थोडक्यात. वजनदार सुती ट्विल किंवा लिननमिश्रित कापड घ्या, कंबर बेताची वर ठेवा आणि मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, फार अरुंद करू नका. पोट असलेल्या माणसाला अरुंद मोहरी अजिबात शोभत नाही, आणि उन्हात पायाला हवा लागत नाही ते वेगळंच. समोर एक चुणी घातली की बसता-उठताना मांडीवर ताण येत नाही. रंग राखी, ऑलिव्ह, खाकी. काळी पँट सूटाबरोबरच ठेवून द्या.

थंडीतल्या जॅकेटविषयी मात्र मला भरभरून सांगावंसं वाटतं, कारण हे काम मला फार आवडतं. इटलीतलं नेपल्सही उन्हाचं गाव. तिथल्या रुबिनाच्ची यांच्या दुकानात १९३० च्या दशकात व्हिन्चेन्झो अत्तोलिनी या कटरने कोटातले पॅड आणि बरंचसं अस्तर काढून टाकलं, आणि कोट शर्टासारखा अंगावर बसायला लागला. हे ऐकायला सोपं, करायला अवघड. पॅड असला की खांद्यातली खोट झाकली जाते, इथे कटिंग चुकलं तर लगेच दिसतं. अस्तर नसलं की आतल्या प्रत्येक शिवणीची कड गोट, म्हणजे कापडाची बारीक पट्टी, लावून बंद करावी लागते, म्हणजे कापड कमी आणि हाताचं काम जास्त. म्हणून हलक्या कोटाची शिलाई जास्त का, हे विचारू नका, आत हात घालून बघा.

आणि कापडासाठी दूर जाऊच नका. भंडारा जिल्ह्यात, मोहाडीजवळ आंधळगावला कोसा विणतात. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर वाढलेल्या किड्यांच्या कोशाचं ते सूत, रंगवायच्या आधीच मधासारखं. त्याची धाग्या-धाग्याची वीण जीन्सवरही जुळते आणि राखी पँटवरही. बिनबाह्यांचं जॅकेट शिवा, संध्याकाळच्या कार्यक्रमाला पांढऱ्या शर्टावर घाला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या काळात मुंबईहून आलेली मंडळी ते बघून थांबतात, कापड कुठलं ते विचारतात. ते विचारतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

जुन्या सूटांपैकी एक गडद निळा अख्खा ठेवा, घरातल्या लग्नाला लागतो. बाकीच्यांच्या राखी पँट मात्र कोटापासून सोडवून खुशाल वापरा. कोट एकटा विचित्र दिसतो, पण राखी पँटचं तसं होत नाही. ती पांढऱ्या, आकाशी कुठल्याही शर्टाखाली जाते. मोहरी आणि कंबर बसवून देतो, दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, शिल्लक असला तर दीड-दोन इंच सैलही होते. फक्त दिवाळीनंतर येऊ नका. तेव्हा लग्नसराईचं काम असतं आणि कारागिरांना मान वर करायला वेळ नसतो. सप्टेंबरात या, निवांत माप घेऊ.