बोटीचा पट्टा बदलतोय, सध्या निम्माच झालाय

शनिवार रात्र

हाताचा टोल्यूईनचा (रबरावरची घाण पुसायचं उग्र केमिकल) वास जाईना, दोनदा साबण लावून झाला. आई म्हणाली पेंटरच्या हाताखाली कामाला लागलीस का काय. तर आमच्या सांगलीतल्या ग्रुपची पुरात लोकांना काढायची रबरी बोट आहे ना, तिचा बाजूचा पट्टा बदलायला घेतलाय. बोटीच्या ट्यूबला बाहेरून कमरपट्ट्यासारखा जो जाड काळा पट्टा फिरतो तो, मागच्या फळीपासून निघून नाकावरून पलीकडच्या फळीपर्यंत, आमच्या बोटीला साधारण दहा मीटर लागतो. धक्के त्यानं खायचे आणि ट्यूब वाचवायची, एवढंच त्याचं काम.

काढायच्या आधी सगळा पट्टा हात फिरवून बघितला. डावी बाजू पार खाल्लेली, उजवी त्या मानानं नवीनच म्हणायची. आमच्या ग्रुपातल्या बापूंना विचारलं तर म्हणाले अगं सोपं आहे, चालवणारा मागं उजवीकडं बसतो, डावा हात इंजिनच्या दांड्यावर, त्याला डावीकडचं नीट दिसतं म्हणून घराला बोट लावताना तो डावीच बाजू लावतो, त्यात आपल्या इंजिनला रिव्हर्स मारला की बोटीचं बूड आपोआप डावीकडं ओढलं जातं, मग सगळं घासणं तिकडंच. मी इतके दिवस बोटीत बसते पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि खुणा कसल्या कसल्या! समुद्रावरच्या बोटींचा पट्टा जेट्टीला घासून घासून सगळीकडं सारखा झिजत असेल, आमचा तसा नाही. आमची बोट नदीत कमी आणि गल्लीत जास्त चालते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि त्याच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इकडं लोकांची सामान हलवायची पळापळ सुरू झालेली असते. २०१९ ला तर ५७ फुटांच्या वर गेलं होतं, मारुती चौकात बोटी फिरत होत्या. तेव्हा पाण्याखाली काय काय असतं, गेटचे भाले, पत्र्याची शेड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कंपाउंडच्या भिंतीवर चोरासाठी लावलेल्या बाटल्यांच्या काचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला नाकापासून हातभर मागं एक तिरका काप आहे, करंगळीचं पेर आत जाईल एवढा खोल, आत अजून हिरव्या काचेचा कण होता. पट्टा नसता तर तो काप थेट ट्यूबला होता.

बाकी आज फक्त सोलायचं काम झालं. हीट गननं थोडं थोडं गरम करायचं, कडा सुटली की पकडीनं धरून हळूहळू ओढायचं. चाकू अजिबात घालायचा नाही, एका पोरानं कटर काढला तर बापू असे ओरडले की शेजारचा कुत्रा उठून बसला. घाई केली की पट्ट्याबरोबर खालच्या कापडाचा वरचा थर पण निघून येतो, मग झालं कल्याण.

रविवार रात्र

आज घासणं आणि चिकटवणं. त्याच्या आधी एक गोष्ट लिहून ठेवते कारण दरवेळी कोणतरी विचारतंच. बोट कुठल्या कापडाची आहे ते आधी बघायचं, पीव्हीसी (प्लास्टिक) का हायपालॉन (एक प्रकारचं रबर). न दिसणाऱ्या जागी फडक्यावर जरासं एमईके (थिनरसारखं एक केमिकल) घेऊन पुसायचं, पृष्ठभाग चिकचिकीत झाला तर पीव्हीसी, नुसता रंग फिका झाला आणि चिकट नाही झाला तर हायपालॉन. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचं अॅडेसिव्ह आणि पीव्हीसीचाच पट्टा, हायपालॉनला निओप्रीनचं (हे पण एक रबरच) अॅडेसिव्ह आणि रबराचा पट्टा, अदलाबदल केली तर आठवड्यात सगळं हातात येतं. आमची हायपालॉनवाली आहे. म्हणजे बोलायला हायपालॉन, ड्यूपाँट कंपनीनं ते बनवणं २०१० मध्येच बंद केलं, आता दुसऱ्या कंपन्या तेच रबर सीएसएम म्हणून बनवतात, पण दुकानदारापासून बापूंपर्यंत सगळे हायपालॉनच म्हणतात. बाहेरून ते रबर, मध्ये पॉलिस्टरचं विणलेलं कापड, आतून निओप्रीन. ऊन आणि पेट्रोल दोन्ही सोसतं म्हणून महाग.

हायपालॉनला घासल्याशिवाय काही चिकटत नाही. पॉलिश पेपरनं चमक जाईपर्यंत घासायचं, ट्यूब पण आणि पट्ट्याची पाठ पण, पांढरे धागे दिसायला लागले की समजायचं जास्त झालं. मग टोल्यूईननं पुसायचं. केमिकलवाला म्हणत होता साधा थिनर न्या ताई स्वस्त पडेल, पण त्या थिनरमध्ये काय काय मिसळलेलं असतं कोणाला ठाऊक, तेलकट थर राहिला की संपलं.

खुणा बोट पूर्ण फुगवून केल्या. पट्ट्याच्या वर आणि खाली मास्किंग टेप, आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर एक रेघ जी ट्यूबवर पण आणि पट्ट्यावर पण येते, म्हणजे लावताना पट्टा ताणला गेला का गोळा झाला ते लगेच कळतं. हवा काढून बोट सपाट करून लावलं तर काम सोपं होतं असं एकजण म्हणत होता, पण इतका जाड पट्टा सपाट कापडावर लावून नंतर हवा भरली की गोलाईवर सुरकुत्या पडतात आणि कडा उचलतात. आम्ही फुगलेल्या बोटीवरच लावला.

आता खरी कटकट हवामानाची. डब्यावर लिहिलंय १८ ते २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. मे महिन्यात सांगलीत हे दोन्ही एका वेळी आणायचं कुठून! पहाटे गारवा असतो तर हवा दमट, दुपारी हवा कोरडी तर अंगाची लाही, अॅडेसिव्ह लावल्या लावल्या वरून साय धरते आणि आत ओलंच राहतं. दमट हवेत त्याहून वाईट, टोल्यूईन उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं, डोळ्याला दिसत पण नाही, आणि अॅडेसिव्हमध्ये ते घट्ट व्हायला जे हार्डनर मिसळतात त्याला पाण्याचं वावडं. हे काम जानेवारीचं. पण पट्ट्याचे पैसे जमले एप्रिलात, त्याला काय करणार. नवीन बोट द्यायला लोक पुढं येतात, हार घालून फोटो निघतो, अॅडेसिव्हच्या डब्याला कोण हार घालतंय. आणि त्या डब्याची मुदत पण जेमतेम वर्षाची.

शेवटी ऊन उतरल्यावर शेडमध्ये सुरू केलं. कोपऱ्यावरचे पंक्चरवाले मामा मुद्दाम आले होते, त्यांनी आयुष्यभर ट्यूबाच चिकटवल्यात. हार्डनर मोजून घातलं, पातळ हात दोन्हीकडं, वाळू दिला, परत दुसरा हात. आमच्यातल्या एकाला राहवेना, लावूया का लावूया का चाललं होतं, मामा म्हणाले, "थांब रे, सोल्यूशन ओलं असताना लावणारा पोरगा मी दुकानात ठेवत नाही." अंगठ्याची मागची बाजू टेकवून बघायची, ओढ लागली पाहिजे पण अंगठ्याला काही आलं नाही पाहिजे. तसं झाल्यावर नाकाच्या मधोमध पट्ट्याचा मध्य टेकवला आणि डावीकडं सरकत गेलो, एकजण पट्टा धरून, एकजण हीट गननं जरा ऊब देत, मी रोलर दाबत मधून कडेला, कडेपासून मध्ये नाही, नाहीतर हवा अडकते. एकदा टेकला की टेकला, परत उचलून सरळ करू म्हटलं तर जमत नाही. डावी बाजू फळीपर्यंत गेली, खुणा सगळ्या जुळल्या, मामांनी स्वतः कड नखानं उचलून बघितली आणि काही बोलले नाहीत म्हणजे पास.

आणि मग ढग आले. वळीव. मिरजेकडून धूळ उठली, दहा मिनिटांत मातीचा वास, पत्र्यावर ताडताड. बापूंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले बास आज, उजवी बाजू नंतर. हार्डनर मिसळलेलं अॅडेसिव्ह तसं पण काही तासच टिकतं, ते फेकून द्यायला लागलं, जीव तुटला. उजवा पट्टा गुंडाळून शेडच्या हुकाला टांगून ठेवलाय म्हणजे त्याच्या वजनानं लावलेला भाग ओढला जाणार नाही.

मंगळवार

उजवी बाजू अजून नाही. काल दिवसभर हवा ओली, आज आर्द्रता मोजायचं यंत्र सकाळी ७८ दाखवत होतं. डावी मात्र दगड झालीये, तरी आठवडाभर पूर्ण हवा भरायची नाही असं ठरलंय, मगच नदीवर माईघाटाला उतरवायची.

तोवर हिशोब लिहून टाकला. वहीत रकाने आहेत इंधन, जॅकेट, दोर, चहानाश्ता. पट्टा आणि अॅडेसिव्ह कशात घालू विचारलं तर बापू म्हणाले किरकोळमध्ये टाक. मी टाकलं नाही, शाईनं नवीन रकाना पाडला, बोट दुरुस्ती. पुढच्या मीटिंगला त्यात दरवर्षी ठरावीक रक्कम टाकायची असा विषय काढणार आहे, वाद होणारच आहे, होऊ दे.