तुम्ही विचारलंत म्हणून: दाखल्यावरचं कारण

"मॅडम, तुम्ही इतकी वर्षं त्या समितीवर होतात. आता खरं सांगा, मुलीचंही काहीतरी चुकतंच ना?"

ती समिती म्हणजे कॉलेजातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी. लोक मला हे लग्नाच्या पंगतीत विचारतात, पालकसभा संपल्यावर जिन्यात गाठून विचारतात. आवाज खाली आणून विचारतात. विचारणारी माणसं वाईट नसतात, बहुतेकांच्या घरी कॉलेजला जाणारी मुलगी असते. मी तिथल्या तिथे "नाही" म्हणते आणि ते मान हलवतात, पण पटलेलं नसतं हे दिसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मुलींची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. समितीत यायच्या आधीची गोष्ट. मी ऑफिसात कसलीशी सही करायला गेले होते. खिडकीशी एक गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी, एस.वाय.च्या मुलीचा दाखला काढायला आलेले. वर्ष अर्धं झालेलं. क्लार्कनी अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, "कॉलेज सोडण्याचं कारण काय लिहू?" ते काही बोलेनात. मागे रांग होती. क्लार्कनी आपल्या मनानेच लिहिलं: "पालकांच्या विनंतीवरून."

महिन्याभराने त्या मुलीच्या मैत्रिणीने मला खरं सांगितलं. प्रॅक्टिकल संपल्यावर टी.वाय.च्या एका मुलाने रिकाम्या लॅबमध्ये दार लावून घेतलं होतं. गोष्ट एस.टी.तून गावात पोचली ती मात्र वेगळीच होऊन: अमक्याची पोरगी लॅबमध्ये मुलाबरोबर सापडली. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. तो मुलगा त्याच वर्षी पास झाला. त्यांच्या बॅचचा फोटो विभागाच्या व्हरांड्यात कितीतरी वर्षं टांगलेला होता, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा.

"चूक कोणाची" हा प्रश्न गप्पांतला वाटतो, पण आमच्याकडे त्याच्या उत्तरावर कॉलेज कोण सोडणार ते ठरतं. मुलीचंही थोडं चुकलं असं एकदा म्हटलं की तिचं नाव काढून घेणं हा शहाणपणा ठरतो. तोंडाने कोणी शिक्षा म्हणत नाही, काळजीच म्हणतात.

पुढे मला समितीत घेतलं. कायद्यात तिला अंतर्गत समिती म्हणतात, पण कॉलेजांमध्ये तिचं नाव विशाखा समितीच. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ज्या खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली त्या खटल्यावरून ते पडलं. 2013 साली कायदा आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 चे नियम केले. अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही.

पहिल्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे आलं, मराठीची म्हणून. मी लिहिलं, "सदर विद्यार्थिनीच्या बाबतीत अनुचित प्रकार घडल्याचे तिने सांगितले." आमच्या बाहेरच्या सदस्य जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी चष्मा वर सारून ते वाचलं आणि वही माझ्याकडे फिरवली. "मॅडम, तुम्ही व्याकरण शिकवता ना? यात कर्ता कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रकार घडतो म्हणजे काय? पाऊस पडतो, दरड कोसळते, तसा? त्या रात्री मी ते पान परत लिहिलं. त्याने जिन्यात तिची वाट अडवली. त्याने तिचा हात धरला. ती "सोड" म्हणाली. त्याने सोडला नाही. चार वाक्यं, त्यातल्या तीन वाक्यांत कर्ता तो. आता तुमचा प्रश्न या वाक्यांशेजारी ठेवून बघा. ती तिथे का गेली, तिने काय घातलं होतं, ती त्याच्याशी बोलायचीच का. या प्रश्नांत कर्ता प्रत्येक वेळी ती. तो वाक्यातूनच निघून गेलेला असतो. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. इथे टाळी वाजवायची इच्छा एकालाच होती.

हा प्रश्न आपल्या राज्याने फार मोठी किंमत देऊन ऐकलेला आहे. 26 मार्च 1972, देसाईगंज पोलीस चौकी, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा ही मजुरी करणारी आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या मधलं. चौकीत रात्री तिच्यावर पोलिसाने बलात्कार केला अशी तक्रार. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने, तिला शरीरसंबंधांची सवय होती असं म्हणत आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचं दिसत नव्हतं. बंद चौकीत, दोन पोलिसांपुढे, त्या मुलीने किती ओरडायला हवं होतं?

1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गप्प बसून सहन करणं म्हणजे संमती का, हा त्यांचा मुद्दा. मुंबईत आणि इतरत्र बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरायचं. तरीसुद्धा 2002 साल संपेपर्यंत पुरावा कायद्यात एक कलम उरलं होतं. ती बाई एकूण चालीची बरी नाही असं दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा त्याने दिलेली होती. शेवटी 2013 मध्ये कायद्याने स्पष्ट लिहिलं की अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही.

कायद्याच्या पुस्तकात बदललं, पण माणसांच्या तोंडून तेच येत राहिलं, न्यायासनावरूनसुद्धा. 2020 मध्ये कर्नाटकात जामीन देताना न्यायाधीशांनी लिहिलं की घटनेनंतर ती थकून झोपून गेली, हे भारतीय स्त्रीला शोभणारं नाही. हे शब्द नंतर आदेशातून काढले गेले. 2021 मध्ये म्हापशाच्या न्यायालयाने एका संपादकाला निर्दोष सोडलं, त्या निकालात तक्रारदार तरुणी नंतरच्या फोटोंत हसतमुख दिसते याची चर्चा आहे. मार्च 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या जामीन आदेशात एम.ए. करणाऱ्या मुलीबद्दल म्हटलं गेलं की तिने स्वतःच संकट ओढवून घेतलं आणि त्याला तीच जबाबदार. जामीन द्यायचा तर द्या, पण ही चर्चा कशाला, असं पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं.

झोपली तर का झोपली, हसली तर का हसली. रडली असती तर नाटक म्हणाले असते. मी समितीसमोर बसलेल्या मुली पाहिल्या आहेत. कोणी तोंड मिटून बसते. कोणी भराभर बोलते, जणू तोंडी परीक्षा आहे. एक सबंध वेळ पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत होती; शेवटी बाटली कोरी झाली आणि टेबलावर कागदाचा ढीग झाला. एक तर आमच्यातल्या कोणाच्या तरी साध्या बोलण्यावर खुदकन हसली, आणि मग घाबरून आमच्याकडे बघू लागली, की आता आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

त्या बाटलीवाल्या मुलीला मी विचारलं होतं, "इतके दिवस का थांबलीस गं?" मी मायेनेच विचारलं होतं. घटनेला सात आठवडे झाले होते. तिने मान वर केली नाही. "मॅडम, इंटर्नलचे मार्क लागायचे होते. तो सरांच्या जवळचा आहे." थोडं थांबून म्हणाली, "आणि घरी कळलं असतं तर दिवाळीनंतर पाठवलंच नसतं." सात आठवडे तिने वाया घालवले नव्हते. कॉलेज कसं टिकेल याचा हिशेब ती एकटी करत बसली होती. तो प्रश्न विचारल्याची मला आजही लाज वाटते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, आणि कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, हे मला पाठ होतं. म्हणजे ती मुदतीतच होती, उशिरा आलीच नव्हती.

उशिराबद्दल कोणी बोललं की मी शक्ती मिलची आठवण देते. 22 ऑगस्ट 2013 ला मुंबईत त्या पडीक गिरणीत एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तिने लगेच तक्रार केली. ते वाचून आणखी एक मुलगी पुढे आली. तिच्यावर त्याच आवारात 31 जुलैला अत्याचार झाला होता आणि त्यातले तीन आरोपी तेच होते. ती आधी का बोलली नाही असं विचारण्यापेक्षा, ती बोलू शकेल असं आपण कुठे काय ठेवलं होतं ते बघावं.

आता सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न. "मॅडम, पण मुलींनी काळजी घ्यायला नको का?" मलाही भाची आहे, उशीर झाला की मीही फोन करते. काळजी घ्या, जरूर घ्या. पण नीट बघा, ती कशापासून घ्यायची. 2021 मध्ये देशात बलात्काराचे 31,677 गुन्हे नोंदले गेले, आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी तिच्या ओळखीचा होता. अंधारा रस्ता टाळून वर्गमित्र टळत नाही, प्रॅक्टिकलचे सर टळत नाहीत. आणि काळजी म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट नंतर तिच्याच विरुद्ध आरोपपत्र होते. सांगितलं होतं ना, एकटी जाऊ नकोस?

संस्था हेच करतात, फक्त लेटरहेडवर. बनारस हिंदू विद्यापीठात सप्टेंबर 2017 मध्ये मोटारसायकलवरच्या मुलांनी एका विद्यार्थिनीची छेड काढली. तक्रार करायला गेली तर तिलाच विचारलं, इतक्या उशिरा बाहेर का होतीस? मुली दरवाज्यावर बसल्या, तेव्हा त्यांच्यावर लाठ्या चालल्या. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून केला. त्याच आठवड्यात आसाममधल्या सिलचरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या डॉक्टर मुलींना सूचना काढली: निर्जन, कमी उजेडाच्या जागी जाऊ नका, रात्री होस्टेल सोडू नका, लोकांशी असं वागा की नको त्यांचं लक्ष वेधलं जाणार नाही. ओरड झाल्यावर दोन दिवसांत मागे घेतली. आपल्याच आवारात कमी उजेडाच्या जागा आहेत हे लिहून दिलं, पण तिथे दिवे लावू असं नाही लिहिलं.

आयोगाच्या 2015 च्या नियमांत साफ लिहिलंय की सुरक्षेचं कारण पुढे करून होस्टेलच्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळे नियम लादू नयेत. हे मी जिथे दाखवते तिथे लोक दोनदा वाचतात. आमच्या भागातली होस्टेलं संध्याकाळी किती वाजता मुलींना आत घेतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

खोट्या तक्रारींचंही लोक विचारतात. मुलाची बाजू आम्ही पूर्ण ऐकतो, ऐकायलाच हवी. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात चौकशी घाईने उरकली म्हणून मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द करून चौकशी नव्याने करायला लावली. प्रक्रिया ढिसाळ झाली की मुलाचं नुकसान होतं, आणि तक्रार करणाऱ्यांना सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागतं. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं नाही, हेही कायद्यातच आहे.

बाटलीवाल्या मुलीचं सांगायचं राहिलं. चौकशी सुरू असताना आम्ही त्या मुलाला आवारात यायला बंदी केली. दुसऱ्याच आठवड्यात शिपाई वर्गात मला बोलवायला आला. ऑफिसच्या खिडकीशी तिचे वडील. पुढे दाखल्याचा अर्ज. क्लार्क तेच होते, आता निवृत्तीला आलेले. अर्ज त्यांनी हातात घेतला नव्हता. मला म्हणाले, "मॅडम, सोडण्याचं कारण काय लिहू ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "जे आहे ते लिहा. त्या मुलाने त्रास दिला म्हणून मुलगी शिक्षण सोडते आहे."

वडील बराच वेळ त्या अर्जाकडे बघत राहिले. ती बाहेर सायकल स्टँडशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मग म्हणाले, "गाडीत लोक बोलतात हो मॅडम. उभं राहवत नाही."

"बोलतात," मी म्हटलं. "पण त्याच्या घरचा कोणी त्याचा दाखला काढायला आलेला नाही."

त्यांनी अर्ज ओढून घेतला, चार घड्या घातल्या, पिशवीत तळाशी ठेवला. आणि क्लार्कना विचारलं, "परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?"

"शुक्रवार," क्लार्क म्हणाले. "तिला म्हणावं, फोटो दोन आण."