खोकं जपून ठेवलं म्हणून विंडोज नव्या मशीनवर आलं

निपाणीत माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका मराठीत पण करतो आणि कन्नडमध्ये पण, त्यामुळं ज्या मशीनवर दोन्ही भाषांचे फॉन्ट नीट बसलेत ते बदलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. माझा प्रोसेसर चौथ्या जनरेशनचा, विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, वर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप पण, म्हणजे जुना टॉवर त्यात बसणारच नव्हता. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पासबुकं सगळी त्याच्यावर स्कॅन होतात, अपडेट बंद झालेल्या मशीनवर ते करत राहणं मनाला पटेना. दिवाळी झाल्या झाल्या बेळगावातनं नवीन असेंबल करून आणला.

दुकानदार म्हणाला, विंडोज टाकून देतो की, वेगळे पैसे नकोत. म्हटलं नको ओ, माझ्याकडं विकतचं आहे. तर म्हणे, ते जुन्या मशीनला लागलं, आता निघत नाही. हे अर्धंच खरं आहे आणि या अर्ध्या खऱ्यामुळं कितीतरी लोक हातातलं चांगलं लायसन टॉवरसकट भंगारात घालतात, म्हणून लिहायला बसलोय.

लॅपटॉप घेताना विंडोज आत टाकूनच येतं ते ओईएम. ते पहिल्या मदरबोर्डाशी, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाशी बांधलेलं असतं, विंडोज 8 पासून तर त्याची की, म्हणजे लायसनचा पंचवीस अक्षरांचा कोड, बोर्डावरच्या चिपमध्येच असते, बोर्ड गेला की ते पण गेलं. मेव्हण्याचा लॅपटॉप बंद पडला तेव्हा त्याची की काढून डेस्कटॉपला लावायला मी अख्खा रविवार घालवला, नाहीच झालं, आणि त्याला "होतंय बघ" म्हणून बसवून ठेवलेलं त्याचं फार वाईट वाटलं. दुसरं रिटेल, म्हणजे आपण वेगळं विकत घेतलेलं. ते आपल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतं, अट एकच, जुन्यावरनं काढायचं. दोन्हीकडं एकावेळी नाही चालत.

माझं आपलं कोणतं हे बघायला जुन्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय (slmgr /dli) ही लायसन दाखवणारी कमांड मारली. छोटी खिडकी आली, त्यात "रिटेल चॅनल" दिसलं आणि जिवात जीव आला, 2018 ला चौदा हजारांच्या वर मोजलेले ओ. तिथं ओईएम दिसलं तर पुढं डोकं लावू नका, नवीन घ्या. अजून एक, त्याच खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात, ती 3व्ही66टी (3V66T) असली तर ती तुमची की नव्हे, डिजिटल लायसन, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडं ऑनलाइन नोंदलेलं लायसन असलेल्या प्रो मशीनवर सगळीकडं तीच कॉमन की दिसते (प्रो आणि होम या विंडोजच्या दोन आवृत्त्या). खरी की विंडोजच्या खोक्यातल्या कार्डावर नाहीतर बिलाच्या मेलमध्ये शोधायची.

माझं कार्ड खोक्यातच होतं, पण दुकानातल्या दमट कपाटात राहून शाई उडालेली, एका ठिकाणी बी आहे की 8 ते कळेना. भिंग लावून बघितलं तेव्हा डावीकडची कड सरळ दिसली, म्हणजे बी. बरं या पंचवीस अक्षरांत ओ, आय, शून्य, एक हे मुद्दामच ठेवलेले नसतात, नाहीतर अजून घोळ झाला असता.

आधी सगळा डेटा काढून घेतला, मग जुन्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एसएलएमजीआर स्लॅश यूपीके (slmgr /upk) मारलं, की निघाली. नव्यावर विंडोज 11 प्रो टाकून तीच की घातली, 10 प्रोची रिटेल की 11 प्रोला चालते, होमची प्रोला नाही. आणि आला एरर, ही की दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरलेली आहे. मी गारच पडलो. नंतर ध्यानात आलं की यूपीकेनं की फक्त मशीनवरनं निघते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला ते कोण सांगणार, त्याच्याकडं अजून जुनंच मशीन नोंदलेलं.

मग एसएलयूआय 4 (slui 4) ही कमांड मारून फोनवरनं ॲक्टिव्हेशन, म्हणजे लायसन चालू करून घेणं. स्क्रीनवर सात-सात आकड्यांचे नऊ गट आले, 63 आकडे. बायको एकेक वाचत होती, मी फोनवर दाबत होतो, मधेच "परत वाचू काय ओ?" म्हणाली तिथं गट चुकला, पहिल्यापासनं केलं. किती कॉम्प्युटरवर आहे विचारलं, एक म्हणून दाबलं, खरंच एकच होता. मग तिकडनं 48 आकडे सांगितले, ते एका पत्रिकेच्या प्रूफच्या पाठीमागं लिहून घेतले आणि ए ते एच अशा आठ चौकोनांत भरले. ॲक्टिव्हेटेड आलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले, आम्ही दोघं तसंच शटर अर्धं ओढून चहा प्यालो.

फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं मात्र सोपं, त्याचं डोंगल आहे, म्हणजे यूएसबीत लावायची लायसनची काडी, जुन्याचं काढलं नव्याला लावलं, लायसन डोंगलच्या पाठोपाठ आलं. विंडोजचं असं का नसावं असं मला अजून वाटतं.

जुन्या टॉवरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम घातलीय, भाची त्याच्यावर टायपिंग शिकते. कार्ड परत खोक्यात, खोकं आता घरी, आणि शाई अजून उडायच्या आत कीचा एक फोटो काढून ठेवलाय.