पेटीतले फोटो, त्यातली नावं आणि भिंतीवरचं फूल

घरातले जुने फोटो स्कॅन करायचं मनात असेल तर आधी स्कॅनर शोधू नका, आधी घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा. कागद अजून काही वर्षं निघेल, पण कागदावरची तोंडं ओळखणारं माणूस कधी जाईल ते सांगता येत नाही. आमच्या घरात ते माणूस म्हणजे आत्या. फोंड्याकडच्या जुन्या घराची कौलं बदलायची म्हणून माळा रिकामा केला आणि पत्र्याची पेटी खाली आली, आत आजोबांच्या वेळेपासूनचे फोटो, काही पुठ्ठ्यावर चिकटवलेले, काही सुटे, काही एकमेकांना घट्ट धरून बसलेले, आणि तळाला निगेटिव्हचा एक डबा.

गोव्यातल्या पावसाळ्यात असली पेटी उघडून बसू नये. हवेत इतका ओलावा असतो की फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, बोट लागलं की ठसा उमटतो, बुरशी तर वाटच बघत असते. म्हणून आम्ही थांबलो आणि जानेवारीत, हवा कोरडी असताना काम काढलं. मऊ ब्रशने वरवरची धूळ झाडायची, बस्स. पाणी नाही, स्पिरिट नाही, आणि फोटो कडेला धरायचा. काचेला चिकटलेले दोन-तीन होते ते ओढून काढायच्या भानगडीत पडलो नाही, काचेसकटच कॅमेऱ्याने त्यांचा फोटो घेतला, उजेड तिरका ठेवला की चमक येत नाही. फ्रेमवाल्या एका दुकानात सांगितलं की सगळे लॅमिनेट करून टाका, कायमचे राहतील. कृपा करून करू नका, गरम प्लास्टिक एकदा बसलं की ते परत सुटत नाही आणि आतला कागद गेला तर गेलाच.

स्कॅनिंगमध्ये सांगण्यासारखं फार नाही. साधा फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, तो आकडा), अगदी छोटे फोटो १२०० वर, मूळ फाइल टिफमध्ये, व्हॉट्सॲपवर पाठवायला जेपेग वेगळी. ब्लॅक अँड व्हाइट असला तरी कलरमध्येच स्कॅन करा कारण पिवळेपणा, डाग हीसुद्धा माहितीच आहे. आणि पाठ स्कॅन करायची, पाठ विसरायची नाही! आमच्या एका फोटोची पाठ म्हणजे पोस्टकार्डच निघालं, पोर्तुगीजमध्ये छापलेलं, पत्ता लिहायच्या रेघांसकट. काहींच्या मागे आग्फा, गेव्हर्ट असा कागदाच्या कंपनीचा छाप. एका पुठ्ठ्यावर स्टुडिओच्या नावाखाली 'नोव्हा गोवा', म्हणजे आपली पणजी, १८४३ मध्ये राजधानी झाली तेव्हाचं हे सरकारी नाव. काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक दिसली तर ती चांदी वर आलेली असते, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट कागदांना असं होतं, पुसून काढायचा प्रयत्न करू नका.

खरा वेळ गेला तो साल ठरवण्यात, आणि मला वाटतं सगळा जीव तिथेच आहे. आपण फोटो बघताना तोंडं बघतो, साल मात्र कडेला सापडतं. विजेचा खांब आहे का, पायात चपला आहेत का, मांडवी पार करायला फेरीबोट दिसतेय की मागे पूल आहे (पहिला पूल १९७० च्या आसपासचा, तो १९८६ च्या जुलैत कोसळला), चवथीच्या माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) कोण उभं आहे आणि कोण नाही.

एक फोटो होता, अंगणात सगळं कुटुंब उभं, बायका नऊवारीत, केसांत अबोलीचे वळेसर, मधोमध आजीच्या मांडीवर तान्हं मूल. मागे वाटेकडच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चुन्याने काढलेलं एक मोठं फूल. भाचीला वाटलं सणासाठी कुणीतरी काढलं असेल. आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि पटकन म्हणाली, "हें मताचें फूल रे, पुजेचें न्हय!"

म्हणजे १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा असेल तर फुलावर शिक्का, वेगळा ठेवायचा असेल तर दोन पानांवर, मतदान १६ जानेवारीला. चौतीस हजारांच्या वर मतांनी दोन पानं जिंकली हे शाळेत वाचलेलं, पण आपल्याच गडग्यावर फूल होतं हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आत्या सांगत गेली, थोरले काका फुलाचे, पपा दोन पानांचे, दोघे एका पंगतीला जेवायचे पण त्या दिवसांत बोलायचे नाहीत, आणि आजी दोघांनाही वाढताना म्हणायची की जेवताना राजकारण नको. आता फोटो परत बघितला तर काका आणि पपा दोन टोकांना उभे आहेत! मांडीवरचं मूल म्हणजे आमचा चुलतभाऊ, त्याचा जन्माचा दाखला काढून बघितला, १९६६ चा शेवट. जुळलं. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात (१८३२ पासूनची संस्था आहे ही) जाऊन त्या महिन्यांचे जुने पेपरही चाळले, तिथे प्रचाराची भाषा वाचली तेव्हा कळलं की वातावरण केवढं तापलं होतं.

नावं घ्यायची पद्धत सांगतो, कुणाला उपयोग होईल. मोबाइलवर दाखवून म्हाताऱ्या माणसांना काही दिसत नाही, ती नुसतीच मान हलवतात. आम्ही प्रत्येक ग्रुप फोटोची ए-फोर प्रिंट काढली, प्रत्येक डोक्यावर आकडा घातला आणि चवथीला सगळी भावंडं घरी आली तेव्हा जेवणानंतर त्या प्रिंटा फिरवल्या. एकजण चूक बोलला की दुसरा तावातावाने सुधारतो, त्यातूनच खरं बाहेर येतं. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं. मूळ फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलने हलक्या हाताने लिहिलं, बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते.

बायकांची नावं काढणं सगळ्यात कठीण गेलं. लिहिलेलं असलं तर 'अमक्याची पत्नी' एवढंच, माहेरचं नाव तर कुठेच नाही, म्हणून आता प्रत्येक बाईची दोन्ही नावं लिहायचीच असं ठरवलंय. त्या फुलाच्या फोटोत अगदी कडेला अर्धी कापली गेलेली एक बाई आहे, कमरेवर कळशी. आमच्या शेतात कामाला यायची, आत्याला तिचं नावही आठवलं आणि वाडाही, म्हणजे वस्ती. तिचा नातू त्याच वाड्यावर राहतो, त्याच्याकडे आजीचा एकही फोटो नव्हता. तेवढा भाग मोठा करून प्रिंट दिली तर त्याने लगेच विचारलं, कळशी पूर्ण येईल असा मोठा करून मिळेल का. कळशी पूर्ण येते, बघून झालंय, ती प्रिंट आता काढून द्यायची आहे.

मूळ फोटो ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटांत घालून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलेत, सोबत सिलिका जेल, माळ्यावर परत काही चढवलं नाही. निगेटिव्हचा डबा मात्र बाकी आहे, बहुतेक १२० रोलच्या चौकोनी, काकांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यातल्या असाव्यात. गोव्यात त्या नीट स्कॅन करून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा, पुढच्या जानेवारीत तेच काम काढणार आहे आणि आत्यालाही तसं सांगून ठेवलंय.