वर्गाला प्रश्न विचारायला शिकवताना

"काही शंका?" प्रत्येक तासाच्या शेवटी मी हे विचारायचे. वर्ग गप्प. म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरून मी फळा पुसायचे. चाचणीचे पेपर तपासताना मात्र लक्षात यायचं, की ती शांतता समजल्याची नव्हती.

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचं संशोधन तेव्हा वाचनात आलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, असं त्यांना वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून आढळलं होतं. ३ सेकंद थांबलं तर उत्तरं सविस्तर येतात आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारतात. मी माझाच एक तास फोनवर रेकॉर्ड करून ऐकला. "काही शंका?" आणि "चला, पुढचं उदाहरण" यांच्यामध्ये मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. फार वाईट वाटलं.

थांबायला लागले, पण नुसतं थांबून भागलं नाही. हात वर यायचे ते "बाई, कळलं नाही" म्हणायला. मग नियम केला: "कळलं नाही" चालेल, पण कुठपर्यंत कळलं तेही सांगायचं. सुरुवातीला मुलं अडखळायची. एक मुलगा म्हणाला, "६ भागिले अर्धा, उत्तर १२, इथपर्यंत येतं. पण भागल्यावर संख्या वाढली कशी?" उलटा करून गुणायचं हे त्याला पाठ होतं, गणित बरोबर सुटत होतं, म्हणून इतकी वर्षं त्याची ही अडचण कुणाला दिसलीच नव्हती. "६ मध्ये अर्धे किती?" एवढंच मी विचारलं. त्याने बोटांवर मोजलं आणि शेजारच्यालाही समजावलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो गणितातला प्रश्नच काढून टाकण्याचा. नववीच्या वर्गात फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'एका आयताची परिमिती २० सेमी आहे.' म्हटलं, आज उत्तरं नकोत, फक्त प्रश्न हवेत. आणि कुठल्याही प्रश्नाला मी "छान" म्हणणार नाही. हे मला फार जड गेलं. पण एकाला शाबासकी दिली की बाकीचे त्याच्यासारखेच प्रश्न विचारू लागतात, हे मी पाहिलं होतं.

पहिले प्रश्न पुस्तकी आले. क्षेत्रफळ किती? लांबी किती? मग कुणीतरी म्हणालं, "पण असे आयत किती असतील?" तिथून वर्ग हलला. बाजू पूर्णांकच हव्यात का? सगळ्यात मोठं क्षेत्रफळ कुठलं? फळा भरला.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी सहसा बोलत नाही. तिने वहीत ९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३ अशा जोड्या मांडल्या होत्या. क्षेत्रफळं ९, १६, २१, २४, २५. ती म्हणाली, "बाई, २४ येतं, २५ येतं. मग २३ का येत नाही?"

उत्तर माझ्याकडेही तयार नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं. तिच्याच यादीकडे पाहत बसलो. २५ मधून १ गेला की २४, ४ गेले की २१, ९ गेले की १६. कमी होतात त्या वर्गसंख्याच. ६ आणि ४ म्हणजे ५ अधिक १ आणि ५ उणे १, त्यांचा गुणाकार २५ उणे १ चा वर्ग. मग २३ साठी २५ मधून २ जायला हवेत. कुणीतरी हळूच म्हणालं, "वर्गमूळ २?" (५ + √२)(५ − √२) = २३. अपरिमेय संख्यांचं प्रकरण महिन्यापूर्वीच संपलं होतं, पण √२ ची गरज वर्गाला त्या दिवशी पहिल्यांदा पडली.

हे रोज जमत नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, म्हणून आठवड्यातून एकच तास असा ठेवते. काही मुलं अजूनही "हे परीक्षेत येईल का?" एवढंच विचारतात. तोही प्रश्न मी फळ्यावर लिहिते.

त्या दिवशी घंटा झाल्यावर ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. "बाई, २६ साठी २५ मधून उणे १ काढावा लागेल. मग उणे १ चं वर्गमूळ किती?"