फक्त ठोकेच का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी लहान मुलांच्या हृदयाच्या ठोक्यांची डॉक्टर आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे एवढ्या लहान मुलांना पण असलं काही होतं?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जो मला वर्षानुवर्षं विचारला जातोय, की इतकं शिकून फक्त ठोकेच का, हृदयाची ऑपरेशनं का नाही, निदान अख्खं हृदय तरी? नातेवाईक विचारतात, पेशंटचे आईवडील विचारतात, आणि हल्ली मेडिकलला असलेली मुलं जास्त विचारतात कारण त्यांना स्वतःचं ठरवायचं असतं. दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवणं मला जमत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, हो, होतं. पण त्याआधी हे सांगते की मुलांचे ठोके मोठ्यांच्या हिशेबाने मोजायचेच नसतात. नवजात बाळाचे ठोके मिनिटाला १२० ते १६० असले तरी ते अगदी नॉर्मल असतं. श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात, आणि मुलांमध्ये हा फरक इतका ठळक असतो की नाडीवर बोट ठेवणाऱ्याला वाटावं काहीतरी गडबड आहे. अधूनमधून एखादा ठोका लवकर पडणं हे सुद्धा कितीतरी धडधाकट मुलांमध्ये सापडतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी "काही झालेलं नाही, खेळू दे त्याला" एवढंच सांगून पाठवते, आणि हे एक वाक्य खात्रीने म्हणता यावं यासाठी पण बरंच शिकावं लागतं.

शिक्षणाचं फार सांगत बसत नाही. आधी डॉक्टरकी, मग बालरोग, मग मुलांचं हृदय, मग त्यातले ठोके, म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजी, आम्ही आपसात नुसतं ईपी म्हणतो. देशागणिक वर्षं बदलतात पण दहा-बारा वर्षं कुठेही जातातच.

आता मी इकडे का वळले ते. शिकत असताना आयसीयूत एक बाळ आलं, काही आठवड्यांचं, दोन दिवस दूध नीट पीत नव्हतं, किरकिर, रंग फिका पडलेला. मॉनिटरवर ठोके २६०. याला एसव्हीटी म्हणतात, हृदयातली वीज वरून खाली एका दिशेने जायला हवी पण ती एका जादा वाटेने परत वर येते आणि तिथल्या तिथे गोल फिरत राहते, मग हृदयाला रक्त भरून घ्यायला सवडच मिळत नाही. सीनियरनी आधी बर्फाच्या पाण्याची पिशवी काही सेकंद बाळाच्या चेहऱ्यावर धरली, चेहऱ्याला एकदम गार लागलं की शरीर आपसूक ठोके मंद करतं आणि कित्येकदा तेवढ्यावर भागतं (घरी करून बघायची गोष्ट नाही ही, कृपया). त्या दिवशी नाही भागलं. मग ॲडेनोसिन. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, त्यामुळे ते शिरेत झटक्यात द्यायचं आणि लगेच पाठोपाठ सलाईन ढकलायचं, एकाच्या हातात औषध, दुसऱ्याच्या हातात सलाईन आणि तिसऱ्याची नजर इसीजीच्या कागदावर. ती तिसरी मी होते. कागदावर रेघ सरळ झाली. काहीच नाही, नुसती रेघ, दोन-तीन सेकंद असतील पण ते फार मोठे असतात, आणि मग एक ठोका, मग अजून एक, मग १४० ची शांत लय. थोड्या वेळाने बाळ आईजवळ दूध पीत होतं.

माझा श्वास अडकला होता आणि सीनियर शांत होते, कारण रेघ सरळ होणार हे त्यांना आधीच माहीत होतं आणि का होणार हेही माहीत होतं, ते औषध एव्ही नोडला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज जाते त्या जागेला, क्षणभर थांबवतं आणि तिथे ते गोल फिरणं तुटतं. मला तसं माहीत असायला हवं होतं. इतकं साधं कारण आहे. आणि पुढे वाचल्यावर कळलं की अशा बऱ्याच बाळांचा हा त्रास पहिल्या वर्षात आपोआप शांत होतो, तोवर औषधावर सांभाळायचं, म्हणजे वेळ काढून दिला तर शरीर स्वतःच पुष्कळ काही करतं, हे पण मनात बसलं.

पण खरं सांगायचं तर ओढले गेले त्या प्रसंगामुळे आणि टिकले वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे येणारं मूल येतं तेव्हा बहुतेक वेळा ठणठणीत असतं. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, इसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. धडधड काल संध्याकाळी झाली होती, दहा मिनिटं, आणि आज काहीच नाही, म्हणजे चोर पळून गेल्यावर पंचनामा करायला बसल्यासारखं. अशा वेळी हातात काय असतं तर त्या मुलाचं सांगणं. आणि मुलांच्या सांगण्यावर लोक पटकन विश्वास ठेवत नाहीत हो. विशेषतः बारा-चौदा वर्षांच्या मुली, "छातीत जोरात धडधडतं, मग हात थरथरतात" असं म्हणाल्या की परीक्षेचं टेन्शन आहे, पॅनिक आहे असं सांगून परत पाठवलेल्या असतात, कधी कधी वर्षानुवर्षं. टेन्शनने धडधडतं हे खरंच आहे, पण ते हळूहळू वाढतं आणि हळूहळू उतरतं. एसव्हीटी बटण दाबल्यासारखी एका क्षणात सुरू होते आणि एका क्षणात थांबते.

म्हणून मी मुलाला सांगते, टेबलावर बोटाने वाजवून दाखव कसं होत होतं ते. आईवडील आपसात बघतात, डॉक्टर हे काय करतायत म्हणून. पण मूल वाजवतं. कुणी साधं भराभर वाजवतं, जिना पळत चढल्यावर होईल तसं. कुणी दोन ठोके, मध्ये गॅप, मग एक जोरात, असं वाजवतं, तो बहुतेक जादाचा ठोका असतो. आणि कुणी इतकं वेगाने वाजवतं की बोटं कमी पडतात, मग मी विचारते सुरू कसं झालं, तर म्हणतं "एकदम", थांबलं कसं, "एकदम". तिथे मी पेन खाली ठेवते. त्या मुलीची गोष्ट कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलीय हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं आणि मग ती अजून चार गोष्टी सांगते ज्या तिने आईलाही सांगितलेल्या नसतात.

त्यानंतर तो झटका पकडायचा. होल्टर लावायचं, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं मशीन, पण महिन्यातून एकदा होणारी गोष्ट एका दिवसाच्या मशीनमध्ये कशी सापडणार, मग जास्त दिवसांचा पॅच, किंवा हल्ली घड्याळावर नाहीतर फोनला जोडून निघणारी एका लीडची साधी इसीजीची पट्टी. परिपूर्ण नसते ती, तरी धडधड चालू असतानाची एक वेडीवाकडी पट्टी मला दहा नॉर्मल इसीजींपेक्षा जास्त सांगते. पालकांना माझं एवढंच म्हणणं असतं की धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन इसीजी काढून घ्या, आणि मूळ कागद जपून ठेवा.

एकदा पकडलं की पुढचा भाग मला अजूनही नवल वाटायला लावतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० साली धडधाकट तरुण माणसांमधल्या या झटक्यांबद्दल आणि त्यांच्या वेगळ्या दिसणाऱ्या इसीजीबद्दल लिहिलं. १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पहिल्यांदा छाती उघडून ती जादा वाट कापली गेली. आज जांघेतल्या शिरेतून बारीक वायर हृदयापर्यंत नेतात, थ्री-डी मॅपिंगमुळे एक्स-रे फार कमी लागतो, कधी लागतही नाही, आणि ती वाट शोधून काही मिलिमीटरचा डाग द्यायचा, उष्णतेने किंवा गारठवून. वाट एव्ही नोडला चिकटून असेल तर मी गारठवायचंच पसंत करते, कारण उणे ३० च्या आसपास आधी नुसतं चाचपून बघता येतं, नोडला त्रास होतोय असं दिसलं की थांबायचं, परत गरम होऊ द्यायचं, नुकसान नाही. मग खात्री पटल्यावरच उणे ७०-८० पर्यंत न्यायचं. मुलाचं हृदय लहान, नोडला धक्का लागला तर त्याला आयुष्यभराचा पेसमेकर, त्यामुळे इथे घाई करणारा माणूस नको. खूप लहान वजनाच्या मुलांना शक्यतो औषधावरच मोठं होऊ देतो. पण नेहमीच्या प्रकारांमध्ये शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलं एका सिटिंगमध्ये बरी होतात, गोळ्या बंद, पळा, पोहा, काय हवं ते करा. वैद्यकीत आजार कायमचा संपवायला किती वेळा मिळतं सांगा.

आणि मग ते, ज्यांचा आजार संपवता येत नाही. लाँग क्यूटी नावाचा प्रकार आहे, ठोका पडल्यावर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला जरा जास्त वेळ लागतो (इसीजीवर हा वेळ मोजतात तो क्यूटी), आणि नेमक्या त्या वेळात गडबड झाली तर मूल बेशुद्ध पडतं, कधी जातंही. एका प्रकारात पळताना आणि खास करून पोहताना होतं, दुसऱ्यात अचानक आवाजाने, अलार्म वाजला, फोन वाजला, तिसऱ्यात झोपेत. १९५७ साली येरवेल आणि लाँगे-नील्सन या डॉक्टरांनी नॉर्वेतल्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं, जन्मतः बहिरी भावंडं, बेशुद्ध पडणारी, त्यातली काही अचानक दगावलेली. लाँग क्यूटीच्या कितीतरी मुलांना आधी फिट येतात असं समजून फिटच्या गोळ्या चालू असतात. म्हणून हात जोडून सांगते, पळताना, पोहताना किंवा दचकून मूल बेशुद्ध पडलं तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडू नका, एक इसीजी काढा आणि तो अशा माणसाला दाखवा जो क्यूटी स्वतः मोजतो, मशीनने छापलेल्या आकड्यावर विसंबत नाही. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते सांगा. निदान झालं की भावंडांचे, आईवडिलांचे पण इसीजी काढतो, आणि कित्येकदा आईचाच क्यूटी लांब निघतो आणि तिला लहानपणी चक्कर का यायची ते तिला त्या दिवशी कळतं.

या मुलांना बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयावरचा ॲड्रेनालिनचा जोर कमी करणारी गोळी रोज, न चुकता. लहान असेपर्यंत आई देते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मूल म्हणतं मला काही होत नाही, मी घेणार नाही. तेव्हा भीती घालून काही उपयोग होत नाही, मी त्याला एकट्याला बसवून त्याचाच इसीजी त्याला मोजायला शिकवते, हे बघ इथपासून इथपर्यंत, तुझा इतका, बाकीच्यांचा इतका. बहुतेक मुलं त्यानंतर घेतात. सगळी नाही.

पेसमेकरची मुलं ही अजून वेगळी. काही बाळं पोटात असतानाच मंद ठोक्यांची असतात, आईच्या रक्तातल्या काही अँटीबॉडी वार ओलांडून बाळाच्या नोडवर हल्ला करतात, आणि आईला स्वतःला बऱ्याचदा काहीच त्रास नसतो. ती विचारते माझ्यामुळे झालं का. मी खुर्ची ओढून शेजारी बसते आणि सांगते की तुम्ही काही केलं नाही, काही टाळता येण्यासारखंही नव्हतं, आणि हे पुढच्या भेटीत परत सांगते कारण पहिल्यांदा ते ऐकू जात नाही. नवजात बाळाला पेसमेकर बसवताना वायर हृदयाच्या बाहेरून शिवतात आणि तिचं एक वेटोळं आत सोडून ठेवतात, मूल वाढेल तशी ती उलगडत जावी म्हणून. ते वेटोळं एक्स-रेवर दर वर्षी थोडं थोडं सुटत जाताना बघणं हा माझा आवडता भाग आहे.

आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं, की बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर मुळात लहान मुलांसाठीच झाला. अमेरिकेत मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय नावाचे सर्जन मुलांच्या हृदयाची छिद्रं बंद करत होते आणि काही मुलांचे ठोके ऑपरेशननंतर बंद पडत. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथली वीज गेली. लिलेहायनी अर्ल बॅकन नावाच्या इंजिनियरला बॅटरीवरचं काहीतरी करून द्या म्हटलं, आणि त्याने इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या (संगीतात ठेका धरणाऱ्या यंत्राच्या) सर्किटवरून काही आठवड्यांत ते बनवून दिलं. मोठ्यांच्या मशीनचा छोटा आकार मुलांच्या वाट्याला येतो असं आज सगळीकडे दिसतं, तिथे मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

भीती वाटत नाही का, हेही विचारतात. वाटते. वायर नोडच्या जवळ असते तेव्हा वाटते, रात्री फोन वाजतो तेव्हा वाटते. जी मुलं गेली त्यांच्या आईवडिलांशी मी अजून बोलते, त्यांचा फोन आला की दुसरं काम बाजूला ठेवते. त्याबद्दल याहून जास्त लिहिता येणार नाही.

तर मेडिकलच्या ज्या मुलांनी विचारलंय त्यांना, कॅथलॅब, म्हणजे हृदयात वायर घालतात ती खोली, बघून या शाखेत यायचं ठरवू नका, तिथे सगळ्यांनाच भारी वाटतं. आधी महिनाभर ओपीडीत मागे बसा. एक मूल, घाबरलेले दोन पालक, नॉर्मल इसीजी, आणि पाऊण तास नुसतं बोलणं. त्यात जीव रमला तर कॅलिपर (अंतर मोजायचं दोन टोकांचं साधन) घ्या आणि रोज जुने इसीजी हाताने मोजायला लागा, पीआर, क्यूआरएस, क्यूटी ही त्यातली अंतरं, मुलाच्या वयाचा तक्ता शेजारी ठेवून. अडलं तर मला दाखवा, मी बघते.